जुईला घेऊन गरम पाण्याच्या गावी

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आमच्या हर्नडन शहरातली अर्धी मराठी मंडळी पुढच्या शनिवारी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ब्लूटूथ स्पीकर घेऊन तिथे हजर होतील, अन् मग झालंच कल्याण! एवढं सांगते, की आमच्या घरापासून पश्चिमेला साडेतीन तास गाडी चालवायची, ब्लू रिजचे डोंगर ओलांडायचे आणि फोनची रेंज गेली की समजायचं, आलं जवळ. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं आणि त्या पाण्याशेजारी एक जुनं लाकडी इन आहे. रात्री राहायचं तर खोल्या महाग. पण दिवसाचा पास मिळतो, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्यात टॉवेल येतो आणि दुपारचं जेवणही.

जाण्याचं कारण मी घरी सांगितलं होतं, कंबर. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत खुर्चीवर बसून बसून माझ्या कंबरेचे बारा वाजलेत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. जुईला त्या मंगळवारी शाळा नव्हती, शिक्षकांच्या कामाचा दिवस होता. "चल माझ्याबरोबर, एकटीला एवढं ड्राइव्ह करायचा कंटाळा येतो," म्हटलं, तर पोरगी चक्क हो म्हणाली. सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर दिवसभर यायला तयार होते याचंच मला नवल वाटलं.

खरं कारण तिच्या डाव्या मनगटावर होतं. ऑगस्टमध्ये तिने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पट्ट्याच्या जागी मला हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी मी नवा कापडी पट्टा आणून दिला. "ॲलर्जी असेल," असं मी स्वतःलाच सांगितलं. पण तो डाग मी ओळखते. मला बाराव्या वर्षापासून कोड आहे.

पाठीवर, पोटावर, मांड्यांवर आणि खांद्यापासून कोपरापर्यंत. चेहरा आणि कोपराखालचे हात तेवढे सुटले. मंदारला, माझ्या नवऱ्याला, लग्नाआधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "बरं, मग?" आणि विषय संपला. त्याच्यानंतर मी कोणालाही सांगितलं नाही. जुईलाही नाही. बाथरूमला कडी, खोलीला कडी, भर जुलैत पूर्ण बाह्या. "आईला एसीची थंडी वाजते," हे ती लहानपणापासून लोकांना सांगत आली आहे.

डोंगरापलीकडे

पहाटे सहाला निघालो. हायवेवर नेहमीचे दिवे, नेहमीची घाई. जुई सीट मागे टाकून झोपली. पहिला डोंगर चढलो तेव्हा खालचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यातून एका चर्चचं टोक तेवढं वर आलं होतं. उतार लागल्यावर आम्हीही त्या धुक्यात शिरलो. दोन्ही बाजूंना मेपलची पिवळी झाडं येत आणि विरून जात. गाडीचा आवाजसुद्धा लांबून कुठून तरी आल्यासारखा वाटायला लागला. मी रेडिओ बंद केला. इतकं शांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि जे करायला निघाले होते त्याची लाजही तेवढीच वाटत होती.

कारण मी इंजिनिअर बाई, बग शोधण्याचा पगार घेते, आणि लेकीचा डाग पाण्याने जाईल म्हणून तिला साडेतीन तास लांब घेऊन चालले होते. कोणी विचारलं असतं तर हसले असते. पण आत कुठेतरी उनकेश्वर होतं ना! यवतमाळहून आत्या मला तिथे घेऊन गेली होती, मी सोळा वर्षांची असताना. किनवटच्या बाजूला जंगलात महादेवाचं देऊळ, आणि तिथे गरम पाण्याचं कुंड. चामडीचं दुखणं बरं होतं म्हणून लांबलांबचे लोक येतात. आत्या काठावर बसून म्हणाली, "उतर बाप्पा लवकर, काय विचार करून राहिली?" आणि मग ओंजळीने माझ्या पाठीवर अकरा वेळा पाणी घालून, अकरा वेळा चोळलं. मी पाण्यात उतरल्याबरोबर पलीकडची एक बाई आपल्या लेकराला उचलून बाहेर निघून गेली होती. ती स्वतःसुद्धा कसलं तरी दुखणं घेऊनच आली होती, तरी गेली. डाग काही गेला नाही. आत्या मात्र पुढची दहा वर्षं म्हणत राहिली, की तीनदा जायला पाहिजे होतं, आपण एकदाच गेलो. हे वाक्य माझ्या डोक्यात किती खोल बसलं होतं ते मला ऑगस्टमध्ये कळलं.

इनच्या आधी रस्त्याकडेला एक सफरचंदवाला लागला. जुई उठली, दोघींनी एकेक सफरचंद घेतलं. करकरीत आणि थंडगार, दात शिवशिवले. "आई, हे बेस्ट आहे," ती तोंड भरून म्हणाली. आपल्याकडे अशा रस्त्यावर कणीस मिळालं असतं, तिखटमीठ लिंबू लावून. इथे कणसाला लोणी लावतात. चालायचंच.

काउंटरवर

काउंटरवर लॉरेटा नावाची बाई होती, सत्तरीची, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. तिने नाव लिहून घेतलं, टॉवेल दिले आणि विचारलं, "आज पाण्याकडे कशा काय आलात?" मी म्हटलं, "कंबर." जुईने लगेच मान हलवून दुजोरा दिला. माझी जीभ अडखळली नाही, इतकी मी सराईत झाले आहे.

लॉरेटाने नियम सांगितले. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. आत मोठ्याने बोलायचं नाही. साबण, तेल, शाम्पू काही पाण्यात न्यायचं नाही. माझ्या पिशवीत उटण्याची पुडी होती. ती मी हळूच तळाशी सरकवली.

"आज राहणारे कोणीच नाहीत," लॉरेटा म्हणाली. "सगळे दिवसाचेच. मला दिवसाचे लोक आवडतात. राहणाऱ्यांना वायफाय लागतं."

दिवसाचे लोक येतात तरी कोण, असं मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपल्याकडे गरम पाण्याला लोक देवाच्या निमित्ताने जातात. इथे देव नाही, नारळ नाही, प्रसाद नाही. मग एवढ्या लांब येऊन संध्याकाळी परत का जायचं? ती म्हणाली, सांधे दुखणारे येतात. रात्रपाळी संपवून नर्सबाया येतात आणि पाण्यात डुलक्या काढतात. घटस्फोटाचे कागद झाले की त्याच दिवशी येणारे असतात, का ते तिला ठाऊक नाही, पण येतात. "आणि काही जणी कारण एक सांगतात अन् येतात दुसऱ्यासाठीच," असं म्हणून तिने मला किल्ली दिली. मी किल्ली घेऊन सटकले.

पाण्यात

कुंडावर लाकडी, अष्टकोनी, पांढऱ्या रंगाची खोली बांधलेली आहे. छप्पर मधोमध उघडं. तळाशी गोल गुळगुळीत गोटे आणि त्यांच्यामधून सारखे बुडबुडे वर येतात. वास थोडासा, आगपेटीची काडी विझल्यावर येतो तसा. मी गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणारा पोहण्याचा पोशाख घातला होता.

"आई, यू लुक लाइक अ स्कूबा डायव्हर," जुई कुजबुजली.

"गप बस. मला ऊन सोसत नाही."

"इनडोअर आहे, आई."

उतरलो. पाणी अंगाच्याच उबेचं होतं. पहिल्या क्षणी काहीच जाणवलं नाही, आणि मग हळूहळू आपलं अंग कुठे संपतं तेच समजेना. हात हलवला तरच तो आहे असं कळे. वरच्या उघड्या छपरातून वाफ बाहेर जात होती आणि तिथूनच मेपलचं एखादं पान डुलत डुलत खाली येई, पाण्यावर बसे, आणि फिरत राही. कोणी बोलत नव्हतं. जुई पाठीवर तरंगत होती, कान पाण्यात, डोळे मिटलेले. मी तिला असं निवांत बघितलं त्याला युगं लोटली असावीत. कॉलेजचे अर्ज, निबंध, परीक्षा यातून ते ध्यान मला दिसतंच कुठे? किती वेळ गेला कोण जाणे. कंबर, देवाशपथ, खरंच हलकी झाली.

दुपारी जेवायला एका लांब टेबलावर सगळ्यांना एकत्र बसवतात. घेवड्याच्या दाण्यांचं घट्ट सूप, मक्याचा गोडसर पाव, आणि त्यावर लावायला सफरचंदाचा मुरंबा. मी पर्समधून लिंबाच्या लोणच्याची छोटी बरणी काढली. जुईने कपाळाला हात लावला, पण सुपात पहिला चमचा तिनेच घातला. समोर पॅटी आणि जोॲन नावाच्या दोन बहिणी बसल्या होत्या, साठीच्या पुढच्या. एक पिट्सबर्गजवळ राहते, एक दक्षिणेकडे, आणि हे गाव साधारण मधे पडतं. आईच्या आजारपणात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं, बोलणं बंद झालं होतं.

"मग इथे कशा भेटता?" मी विचारलं.

"आत बोलायला बंदी आहे ना," पॅटी म्हणाली. "म्हणून जमलं. पहिली दोन वर्षं नुसत्या पाण्यात बसायचो, जेवायचो आणि आपापल्या गाडीने घरी."

जोॲनने लोणचं चाखलं, डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागितलं. जुई खूप हसली. तिचा डावा हात टेबलावर होता, घड्याळ नव्हतं, आणि डाग उघडा होता. त्या दोघींपैकी कोणीही त्याच्याकडे बघितलं नाही. बघत होते ती मी एकटी.

पुन्हा पाण्यात

दुपारी बहिणी व्हरांड्यात आरामखुर्च्यांत पेंगायला गेल्या आणि कुंडात आम्ही दोघीच राहिलो. उन्हाची तिरीप वरून आली होती, वाफ सोनेरी दिसत होती. जुई माझ्याजवळ येऊन टेकली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, तिचा हात माझ्या हातात. मला वाटलं, हीच वेळ.

मी तिचं मनगट पाण्याखाली धरलं, ओंजळीने पाणी घातलं आणि अंगठ्याने चोळलं. एक. मग परत. दोन. तिला वाटलं असेल आई लाड करते आहे. ती डोळे मिटून होती. तीन, चार. माझे ओठ हलत होते हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाच, सहा. सातव्या वेळेला तिने डोळे उघडले. माझ्या ओठांकडे बघितलं, मग मनगटाकडे, आणि हात ओढून घेतला.

"काय करतेयस?"

"काही नाही गं. हे पाणी चांगलं असतं म्हणतात."

"कशाला चांगलं?"

माझी नजर तिच्या मनगटाकडे गेली.

"यू सेड बॅक पेन," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, नियमाप्रमाणे कुजबुजतच होती, आणि ते जास्त लागलं. "तू मला फिक्स करायला आणलंस."

ती पायऱ्या चढून निघून गेली. ओल्या पावलांचे ठसे लाकडावर उमटले. मी तिथेच उभी. इतका वेळ अंगाला न जाणवणारं पाणी आता जड वाटायला लागलं. बाई गं, काय करून बसले मी! आत्याने मला चोळलं आणि मला कळलं की माझ्यात काहीतरी पुसून टाकण्यासारखं आहे, तेच मी हिला केलं. तेही सातव्यापर्यंत मोजून.

कपडे बदलायच्या खोलीत

गाडीची किल्ली माझ्याकडे होती, त्यामुळे ती कुठे जाणार? कपडे बदलायच्या खोलीत बाकावर टॉवेल गुंडाळून बसली होती. दुसरं कोणी नव्हतं. मी शेजारी बसले.

"सॉरी, जुई."

"मला मे महिन्यापासून माहितेय," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "स्पोर्ट्सच्या फिजिकल चेकअपला डॉक्टरांनी बघितलं. व्हिटिलिगो. इट्स फाइन, त्या म्हणाल्या, स्किनच्या डॉक्टरकडे जा. मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, तू रडशील."

"मे महिन्यापासून?"

"त्यांनी विचारलं, फॅमिलीत कोणाला आहे का. मी नाही म्हटलं. मग मी गुगल करत बसायचे, आई. रोज रात्री. मला कसं आलं, कोणाकडून आलं. आजीचे फोटो झूम करून बघितले. बाबाच्या काकांचे बघितले." तिने टॉवेल आणखी घट्ट ओढून घेतला. "मला वाटलं, मी एकटीच आहे. आपल्या सगळ्यांत एकटीच."

भिंतीपलीकडे होते मी, तिच्या खोलीच्या शेजारच्या खोलीत, कडी लावून. ती तिकडे आजीचे फोटो मोठे करून बघत होती आणि मी इकडे पूर्ण बाह्यांचे कुडते घड्या घालून ठेवत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, उनकेश्वरच्या कुंडातसुद्धा नाही.

"मला आहे," मी म्हटलं.

"काय?"

"मला आहे. तुझ्याआधीपासून. बाराव्या वर्षापासून."

तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा, माझे हात. खोटं बोलतेय की काय असं बघत होती.

"कुठे?"

मी उठून दाराला कडी घातली. चेन खाली ओढली. ओला पोशाख अंगाला चिकटून बसला होता, बाही कोपराला अडकली, निघेना. मी धडपडत होते. ती शेवटी उठली.

"हात वर कर," ती म्हणाली.

मी लहान मुलीसारखा हात वर केला आणि तिने बाही सोलून काढली. मग दुसरी. मी समोरच्या खुंटीकडे बघत उभी राहिले. ती माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर फिरली. तिच्या पायांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. वाटलं, आता ही दार उघडून जाईल.

"हा कधीचा?" तिने बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं.

"सातवीत. सगळ्यात पहिला."

"हा?"

"इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी. व्हायव्हाच्या आठवड्यात."

"आणि हा एवढा मोठा?"

"तू पोटात होतीस तेव्हा."

"ओ. सो दॅट वन इज माइन," ती म्हणाली, आणि तिच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, अर्धा हुंदका अन् अर्धं हसू. मग ती रागावली. खरंच रागावली. "सतरा वर्षं, आई! हू डझ दॅट?"

"मी," म्हटलं. "मी केलं. चुकलं माझं."

बाहेर व्हरांड्यात दोघी बहिणींपैकी कोणीतरी खोकलं. मी टॉवेल घ्यायला हात पुढे केला तर तिने तो बाकावरून उचलून माझ्या खांद्यांवर टाकला. मग पाठमोरी वळली, ओले केस दोन्ही हातांनी गोळा करून वर धरले आणि मान वाकवली. उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, नाण्याएवढा डाग होता. तिथले केससुद्धा पांढरे झाले होते, सात-आठ केस असतील.

"हा तुला माहीत नाही," ती म्हणाली. "हा मनगटाच्या आधीचा आहे."

माझा हात आपोआप उठला. मी तो खाली घेतला.

"मागे आहे ना, मला नीट दिसतच नाही. फोनने फोटो काढला तर ब्लर येतो." तिचे हात वर धरून दमले होते, तरी तिने केस सोडले नाहीत. "कसा आहे? सांग ना."

मी तिला खिडकीच्या उजेडात घेतलं, पिशवीतून चष्मा काढून लावला, आणि सांगायला लागले.